३०४, होलोवे रोड



आमच्या पिढीतल्या कुणाहीपुढे 'नागीन' चित्रपटाचे नाव काढा, त्याला गोष्ट आठवो न आठवो, बीन नक्की आठवते. चित्रपट १९५४ सालचा, संगीत हेमंतकुमारांचे. वरातीतले बँडवाले आजही ती धून वाजवतात आणि कुणीतरी तोंडात रुमालाचे टोक धरून नागासारखा डोलतोच. गंमत अशी की ती बीन गारुड्याची पुंगी नव्हेच. क्लेव्हायोलिन नावाच्या, विजेवर चालणाऱ्या छोट्याशा वाद्यावर ती कल्याणजी वीरजी शहा यांनी वाजवली होती. पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून जी जोडी गाजली, त्यातले हे कल्याणजी. वाद्य मुळात फ्रान्समधले. १९४७ च्या सुमारास तिथल्या एका अभियंत्याने ते तयार केले. पियानोच्या कडेला बसवता येईल एवढीच पट्टी, आणि एका वेळी एकच सूर निघणार. पण तो सूर असा, की ऐकणाऱ्याला तो माणसाच्या जगातला वाटू नये.

'नागीन'नंतर आठ वर्षांनी त्याच जातीच्या वाद्याचा सूर लंडनमधल्या एका भाड्याच्या घरातून निघाला आणि सगळ्या जगात पोचला. त्या धुनेचे नाव 'टेलस्टार'. ती ज्याच्या डोक्यातून निघाली तो जो मीक. आज त्याच्याविषयी लिहायचे आहे, आणि त्याच्या घराखालच्या दुकानातल्या बाईंविषयीही.

आधी एक खुलासा करतो. इंग्रजीत ज्याला रेकॉर्ड प्रोड्यूसर म्हणतात तो आपल्या चित्रपटांच्या निर्मात्यासारखा नुसता पैसे घालणारा नसतो. आपल्याकडे चाल संगीतकाराची, वाद्यमेळ संयोजकाचा आणि आवाज टिपण्याचे काम ध्वनिमुद्रकाचे, अशी वाटणी असते. रेकॉर्ड प्रोड्यूसर या तिन्ही कामांच्या मध्ये उभा असतो. कोणते गाणे, कोणता गायक, कोणते वाद्य पुढे नि कोणते मागे, कोणता घेतलेला भाग ठेवायचा आणि कोणता टाकायचा, हे तो ठरवतो. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये ही कामे ईएमआय, डेक्का, फिलिप्स, पाय अशा मोठ्या कंपन्यांचे पगारी अधिकारी करीत. स्टुडिओ कंपनीचा, तंत्रज्ञ कंपनीचे, नियमही कंपनीचे. माइक वाद्यापासून किती लांब ठेवायचा याचेसुद्धा संकेत ठरलेले होते. हे सगळे मोडून घरात बसून रेकॉर्ड तयार करायची आणि ती कंपनीला वापरायला द्यायची, हा उद्योग इंग्लंडात ज्यांनी पहिल्यांदा जमवून दाखवला त्यांत मीक अग्रभागी होता.

मीकचा जन्म ५ एप्रिल १९२९ चा, ग्लॉस्टरशायरमधल्या न्यूएंट नावाच्या लहान गावातला. शेतीवाडीचा मुलूख. हा मुलगा मात्र रेडिओ उघड, ग्रामोफोन जोड, तारांची भेंडोळी घेऊन कोपऱ्यात बस, यातच रमणारा. सक्तीच्या लष्करी सेवेत त्याला हवाई दलात रडारचे काम मिळाले आणि आकाशातून येणाऱ्या खुणांचे वेड त्याला कायमचे लागले. नंतर काही काळ त्याने वीजमंडळात नोकरी केली आणि मग लंडन गाठले.

लंडनमध्ये आयबीसी या स्टुडिओत तो ध्वनिमुद्रक झाला. १९५६ साली हम्फ्री लिटलटन या जॅझ वादकाची 'बॅड पेनी ब्लूज' ही रेकॉर्ड त्याने मुद्रित केली. त्यात पियानोच्या डाव्या हाताचे सूर आणि ढोलावर फिरणारे ब्रश त्याने मुद्दाम इतके ठळक केले की ऐकणारा दचकावा. खुद्द लिटलटनला ते आधी पसंत नव्हते. पण लोकांना आवडले आणि रेकॉर्ड खपली. सूर 'स्वच्छ' टिपणे हेच ध्वनिमुद्रकाचे काम, असे बाकी सगळे मानत होते. मीकला वाटे की जे स्टुडिओत वाजले तेच रेकॉर्डवर यावे असे थोडेच आहे? रेकॉर्ड ही वेगळीच वस्तू आहे. आज हे कुणी सांगितले तर त्यात नवे काही वाटणार नाही, कारण आज सगळेच संगीत तसे तयार होते. त्या काळी मात्र असे बोलणारा माणूस विक्षिप्त ठरे.

मीक विक्षिप्त होताच. वरिष्ठांशी पटेना, रागावर ताबा नाही, आपली युक्ती कुणी चोरेल ही भीती सतत मनात. १९६० साली त्याने एका भागीदाराबरोबर ट्रायम्फ नावाची स्वतःची कंपनी काढली. त्यांची 'अँजेला जोन्स' ही रेकॉर्ड सातव्या क्रमांकापर्यंत गेली, पण लहान कंपनीला मागणी पुरी करण्याइतक्या तबकड्याच वेळेवर मिळेनात. दुकान चालले आणि मालच नाही, अशी गत. मीक काही महिन्यांतच बाहेर पडला. या भागीदाराचे नाव विल्यम बॅरिंग्टन-कूप. पुढे २००७ साली हेच नाव जगभर झाले ते वेगळ्या कारणाने. पत्नी जॉइस हॅटो हिच्या पियानोवादनाच्या म्हणून त्याने काढलेल्या कितीतरी सीडी प्रत्यक्षात दुसऱ्या वादकांच्या होत्या, असे उघडकीला आले. आपली युक्ती चोरीला जाईल म्हणून रात्रंदिवस धास्तावलेल्या माणसाला पहिला भागीदार असा मिळाला होता!

ट्रायम्फ सुटल्यावर मीकने उत्तर लंडनमध्ये ३०४, होलोवे रोड ही जागा भाड्याने घेतली. रहदारीचा रस्ता, खाली चामड्याच्या पिशव्या-पाकिटांचे दुकान, वर तीन मजली घर. एका खोलीत वादक, दुसऱ्यात मीक आणि त्याची यंत्रे. गायकाला पडद्याआड उभे करायचे, कधी एखाद्याला जिन्यात बसवायचे, आवाज घुमायला हवा असेल तर न्हाणीघराचा उपयोग करायचा. जमिनीवर टेपच्या फितींचा आणि तारांचा हा पसारा. जुन्या हीटरमधल्या स्प्रिंगा काढून त्याने प्रतिध्वनीचे एक यंत्र घरीच बनवले होते. टेप कापायची, जोडायची, उलटी फिरवायची, वेग वाढवायचा. मोठ्या कंपन्यांकडे नसलेला आवाज या घरातून निघू लागला.

आता सगळ्यांत नवलाची गोष्ट. या माणसाला एकही वाद्य धड वाजवता येत नव्हते, स्वरलेखन वाचता येत नव्हते आणि सुरात गाताही येत नव्हते! शाळेच्या समूहगीतात गाण्याच्या बाईंनी ज्याला मागच्या रांगेत उभे करून 'तू नुसते ओठ हलव' असे सांगितले असते, त्यातला हा. चाल सुचली की दुसऱ्याच कुठल्यातरी रेकॉर्डचे संगीत मागे लावून त्यावर तो आपल्या बेसूर आवाजात ती गुणगुणून टेप करी. मग कुणीतरी जाणकार ती टेप ऐकून, याला नेमके काय म्हणायचे आहे याचा अंदाज घेत सूर शोधून काढी. असल्या टेप आज ऐकायला मिळतात. ऐकून हसू येते, आणि याच्यातून ती धून शोधणाऱ्याला हात जोडावेसे वाटतात.

असा त्याचा सर्वांत मोठा जाणकार म्हणजे जेफ गोडार्ड. रीतसर संगीत शिकलेला, लाजाळू आणि मीकसारखाच परलोकविद्येच्या नादी लागलेला. विमान अपघातात ३ फेब्रुवारी १९५९ रोजी गेलेला अमेरिकन गायक बडी हॉली हे दोघांचे दैवत. त्याच्या आत्म्याशी बोलण्याचे प्रयोगही ते करीत. गोडार्डने लिहिलेले 'जॉनी रिमेंबर मी' हे गाणे जॉन लेटन या नटाने गायले आणि १९६१ साली ते इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले. मेलेली प्रेयसी वाऱ्यातून हाका मारते आहे असे ते गाणे. प्रतिध्वनीच्या त्या यंत्रांचा उपयोग कशासाठी, हे ते ऐकले की कळते.

मग आला १९६२ चा जुलै. १० जुलैला अमेरिकेने टेलस्टार हा उपग्रह सोडला. पाऊण-एक मीटर व्यासाचा गोळा, वजन ७७ किलो. अमेरिकेतली दूरचित्रवाणीची जिवंत चित्रे अटलांटिकपलीकडे पोचवणारा हा पहिला उपग्रह. इंग्लंडात कॉर्नवॉलमधल्या गूनहिली येथल्या केंद्रावर चित्रे आली, अस्पष्ट, थरथरणारी. रडारवर काम केलेल्या आणि चंद्रावरच्या जीवनाच्या कल्पनेवर १९६० सालीच 'आय हिअर अ न्यू वर्ल्ड' ही आख्खी रेकॉर्ड रचून बसलेल्या मीकवर त्याचा काय परिणाम झाला असेल, सांगायला नको. धून सुचली, आणि नेहमीप्रमाणे बेसूर टेप तयार झाली.

वाजवणारे होते टॉर्नेडोज नावाचे पाच जण. ते त्या उन्हाळ्यात बिली फ्युरी या गायकाच्या साथीला समुद्रकाठच्या ग्रेट यार्मथ गावी रोजचे कार्यक्रम करीत होते. सुटीच्या दिवशी ते लंडनला आले, घाईघाईत वाजवले आणि परतले. ते गेल्यावर गोडार्डने मुख्य धून भरली, आपल्या 'नागीन'च्या बिनीच्या त्या भावंडावर. आधी नि शेवटी अग्निबाण सुटल्यासारखा घोंघावणारा आवाज आला तो मीकच्या यंत्रांतून. ऑगस्टमध्ये डेक्काने रेकॉर्ड काढली. ऑक्टोबरात ती इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर जाऊन पाच आठवडे तिथे राहिली. डिसेंबरात अमेरिकेतही पहिली आली. अमेरिकेतल्या त्या यादीत पहिला क्रमांक मिळवणारा हा पहिला ब्रिटिश वाद्यवृंद. बीटल्स तिथे पोचायला आणखी वर्षभराहून अधिक काळ जायचा होता. जगभरात पन्नास लाखांच्या आसपास प्रती खपल्या असे सांगतात. आयव्हर नॉव्हेलो हा मानाचा पुरस्कारही मिळाला.

इकडे खरा टेलस्टार मात्र आजारी पडला होता. तो सुटण्याच्या आदल्या दिवशी अमेरिकेने आकाशात खूप उंचावर अणुस्फोटाची चाचणी घेतली होती. तिच्या किरणोत्साराने उपग्रहाची यंत्रणा बिघडत गेली. नोव्हेंबरात तो बंद पडला, जानेवारीत थोडा सावरला आणि २१ फेब्रुवारी १९६३ रोजी कायमचा गप्प झाला. म्हणजे त्याच्या नावाची धून घरोघरी वाजत होती तेव्हा तो स्वतः शेवटच्या घटका मोजत होता. अजूनही तो पृथ्वीभोवती फिरतो आहे, मुका.

मीकचे नष्टचर्यही याच सुमाराला सुरू झाले. १९६३ साली झाँ लेद्रू या फ्रेंच संगीतकाराने दावा केला की 'टेलस्टार' ही त्याच्या धुनेची चोरी आहे. १९६० साली आबेल गान्सचा 'ऑस्टरलिट्झ' हा नेपोलियनच्या लढाईवरचा चित्रपट आला होता. त्यातल्या लेद्रूच्या एका संचलनाच्या धुनेशी 'टेलस्टार'चे काही सूर जुळतात, हे त्याचे म्हणणे. तो चित्रपट तोवर इंग्लंडात दाखवलाही गेला नव्हता. आणि सात सुरांच्या दुनियेत दोन धुनांचे चार सूर जुळणे यात आपल्याला तरी फारसे नवल वाटायचे कारण नाही. एकाच रागातल्या दोन बंदिशी बहिणीसारख्या दिसतात म्हणून कुणी कोर्टात जात नाही. पण कोर्टात प्रकरण गेले की निकालापर्यंत पैसा अडकतो. 'टेलस्टार'च्या चालीचे मानधन गोठवले गेले, आणि मीक जिवंत असेपर्यंत ते त्याच्या हाती आले नाही. जगात गाजलेल्या धुनेचा कर्ता भाड्याला महाग झाला.

यात मीकबद्दल नुसती कीव करून चालणार नाही. १९६४ साली त्याने काढलेले 'हॅव आय द राइट' हे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. ते केन हॉवर्ड आणि अ‍ॅलन ब्लेकली या जोडीचे. गोडार्डचे म्हणणे पडले की हे आपल्याच एका गाण्यावरून उचलले आहे. मीक त्याच्या बाजूने उभा राहिला नाही. गोडार्डला दावा सोडून द्यावा लागला. दोघांचे संबंध तुटले ते कायमचे. बेसूर गुणगुणण्यातून सूर शोधून देणारा हा माणूस पुढे संगीताच्या व्यवसायातूनच दूर झाला आणि रेडिंग विद्यापीठाच्या खानपान विभागात काम करीत राहिला. २००० साली तो वारला. लेद्रूने आपल्यावर अन्याय केला असे मीकला वाटत होते. गोडार्डला मीकबद्दल काय वाटत असेल?

अडचणी पैशांपुरत्या नव्हत्या. मीक समलिंगी होता, आणि इंग्लंडात तेव्हा तो गुन्हा होता. १९६३ च्या नोव्हेंबरात एका सार्वजनिक स्वच्छतागृहात त्याला पकडले गेले, दंड झाला आणि बातमी वर्तमानपत्रात आली. मग पैसे उकळणारे मागे लागले. कायदा बदलला तो जुलै १९६७ मध्ये, म्हणजे मीक गेल्यावर काही महिन्यांनी. आपल्याकडे इंग्रजांनीच १८६० च्या दंडसंहितेत घालून ठेवलेले तसले कलम सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरते दूर केले ते २०१८ साली. कायद्याने माणसाला कायम चोरासारखे जगायला लावले की संशय हा त्याचा स्वभावच होतो, असे मला वाटते. त्यात मीक झोप उडवणाऱ्या गोळ्या घेई. कंपन्या आपल्या घरात चोरून ऐकणारी यंत्रे बसवतात असे त्याला वाटू लागले. अमेरिकेतला नामवंत प्रोड्यूसर फिल स्पेक्टर याने त्याला फोन केला तेव्हा 'तू माझ्या कल्पना चोरल्यास' असे ओरडून त्याने रिसीव्हर आपटला, अशी हकिकत सांगतात.

शिवाय काळही बदलत होता. बीटल्सनंतर गट आपली गाणी आपणच लिहू लागले आणि मोठे स्टुडिओही शहाणे झाले. सुमारे २४५ रेकॉर्डी काढलेल्या मीकला १९६६ नंतर यश जवळजवळ मिळालेच नाही. कर्ज वाढत गेले.

आता खालच्या दुकानाकडे येऊ.

'हॅव आय द राइट' ऐकलेत तर त्यात पायांचे ठोके ऐकू येतील, धाड धाड. ढोल कमी पडतो असे मीकला वाटले. मग त्याने हनीकोम्ब्ज या गटातल्या मंडळींना घराच्या लाकडी जिन्यावर पाय आपटायला लावले आणि सायकलस्वार पँटच्या पायाला लावतात त्या क्लिपांनी कठड्याला माइक अडकवले. संगीताच्या इतिहासात ही गोष्ट फार कौतुकाने सांगितली जाते, आणि आहेच ती कौतुकाची. पण चाळीत राहिलेल्या कुणालाही पहिला प्रश्न हाच पडेल, की त्या जिन्याखाली कोण होते? वरच्या बिऱ्हाडात खलबत्ता कुटला तरी खालच्यांच्या वाटीतला चहा हलतो. इथे तर पहिल्या क्रमांकाचे गाणे कुटले जात होते.

खाली होत्या व्हायोलेट शेंटन. त्या आणि त्यांचे पती ते चामड्याच्या वस्तूंचे दुकान चालवीत आणि वरची जागा त्यांनीच मीकला दिली होती. आवाज असह्य झाला की शेंटनबाई झाडूच्या दांड्याने छतावर ठोकत. त्यावर मीक जिन्यात स्पीकर ठेवून आवाज आणखी वाढवी, असे सांगतात. हीही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाते. पण सहा-सात वर्षे असा भाडेकरू त्यांनी ठेवून घेतला. दुसऱ्या कुणी पहिल्याच वर्षी त्याचे सामान रस्त्यावर आणून ठेवले असते. मला वाटते, मीकच्या संगीताला ज्यांनी सर्वांत जास्त सोसले, आणि म्हणूनच ज्यांच्यामुळे ते होऊ शकले, त्यांत या बाईंचे नाव घ्यायला हवे.

३ फेब्रुवारी १९६७. बडी हॉलीच्या मृत्यूला बरोबर आठ वर्षे झाली होती. त्या सकाळी मीकची मनःस्थिती पार बिघडलेली होती. काही कामासाठी शेंटनबाई वर गेल्या. शब्दाला शब्द वाढला. टॉर्नेडोजमधला हाइन्झ बर्ट हा वादक पूर्वी आपली छऱ्यांची बंदूक त्या घरात ठेवून गेला होता. मीकने त्या बंदुकीने शेंटनबाईंना गोळी घातली आणि मग स्वतःला. दोघेही गेले. तो ३७ वर्षांचा होता. त्याला त्याच्या गावी, न्यूएंटला पुरले.

लेद्रूचा दावा त्यानंतर निकालात निघाला, मीकच्या बाजूने.

या शेवटच्या ओळीशी बहुतेक लेखक थांबतात, आणि वाचणारा हळहळतो. अरेरे, थोडा धीर धरला असता तर! मीही पहिल्यांदा वाचले तेव्हा हळहळलो. पण मग लक्षात येते की आपण एकाच माणसासाठी हळहळतो आहोत. त्या घरात त्या दिवशी दोन माणसे मेली, आणि त्यांतल्या एकीला मरायचे नव्हते. पैसे वेळेवर मिळाले असते तर मीक वाचला असता, असे म्हणताना शेंटनबाईंचे मरण हा जणू त्याच्या शोकांतिकेतला एक प्रसंग होऊन बसतो.

यावर एक विचित्र योगायोग सांगण्यासारखा आहे. ज्याच्यावर मीकने फोन आपटला तो फिल स्पेक्टर. २००३ साली त्याच्या घरात लाना क्लार्कसन ही अभिनेत्री बंदुकीच्या गोळीने मरण पावली. तारीख होती ३ फेब्रुवारी. स्पेक्टरवर खटला झाला, २००९ साली तो खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला आणि शिक्षा भोगत असतानाच २०२१ साली वारला. तारखेत मला गूढ वगैरे काही दिसत नाही, मीकला दिसले असते. पण एक फरक दिसतो. लाना क्लार्कसन कोण होती, तिच्या बाबतीत काय घडले, हे निदान न्यायालयात मोठ्याने विचारले गेले. शेंटनबाईंच्या बाबतीत मारणाराही मेलेला, म्हणून खटलाच झाला नाही. सुरांच्या चोरीचा दावा मीकच्या मृत्यूनंतरसुद्धा पुढे चालला, आणि बाईच्या खुनाची कागदपत्रे मिटली. पन्नास लाख तबकड्यांच्या मानधनाला वारस आणि वकील असतात, एवढाच त्याचा अर्थ.

मीकनंतर घरातल्या टेपा चहाच्या ६७ लाकडी खोक्यांत भरल्या गेल्या. क्लिफ कूपर या तरुणाने त्या विकत घेतल्या आणि कितीतरी दशके जपल्या. २०२० साली चेरी रेड या कंपनीने त्या घेतल्या, आणि त्यातली गाणी हळूहळू प्रसिद्ध होऊ लागली. मीकवर चरित्र निघाले, नाटक आले, २००८ साली 'टेलस्टार' नावाचा चित्रपटही झाला. होलोवे रोडवरच्या त्या घरावर गोल काळी पाटी लागली. ध्वनिमुद्रणाच्या तंत्रातला अग्रणी इथे राहिला, इथे काम केले आणि इथेच वारला, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर आहे. त्यातले एकही अक्षर खोटे नाही. पण त्याच घरात मारल्या गेलेल्या बाईचे नाव त्या पाटीवर नाही.

मग 'टेलस्टार' ऐकावे की नाही? शाळेत चाळीस मुलांपुढे उभे राहून आयुष्य गेले, त्यामुळे एवढे कळते की माणसाच्या एका कृत्यावरून त्याची सगळी वही फाडता येत नाही, आणि वही सुंदर आहे म्हणून ते कृत्य खोडताही येत नाही. मी ऐकतो. वाद्याच्या त्या सुरात आकाशाकडे बघणाऱ्या लहान मुलासारखे काहीतरी आहे, ते खरेच आहे. फक्त ती धून एका माणसाची असे आता मला वाटत नाही. बेसूर टेपेवरून सूर शोधणारा गोडार्ड त्यात आहे, सुटीच्या दिवशी धावत आलेले पाच वादक आहेत, वाद्य बनवणारा फ्रेंच अभियंता आहे. 'नागीन'ची बीन आपण हेमंतकुमारांच्या नावाने ओळखतो आणि कल्याणजींचे बोट कितीजणांना ठाऊक असते? हेही तसेच आहे. आणि या सगळ्यांच्या खाली, दुकानात, झाडूचा दांडा हातात घेतलेल्या शेंटनबाई आहेत.

यूट्यूबवर 'टेलस्टार' सहज सापडते, तीनेक मिनिटांची धून आहे. ज्यांनी ऐकली नसेल त्यांनी आधी 'नागीन'ची बीन ऐकावी आणि मग ही, म्हणजे दोन्हींची जात एकच हे कानाला लगेच कळेल. ऐकून काय वाटले ते जरूर कळवा.